आईचं थँक यू

मॉरिसव्हिलमध्ये चार दिवस राहून मी जे पाहिलं ते असं : हॉटेलची खोली, क्लायंटचं ऑफिस आणि या दोहोंच्या मधला पार्किंग लॉट. नॉर्थ कॅरोलायनाचं निसर्गसौंदर्यही जवळपासच असणार, कारण लॉबीतल्या माहितीपत्रकात त्याचे फोटो होते. निघण्याच्या दिवशी क्लायंटने कौतुकाने बार्बेक्यू खायला नेलं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर वेटर हळहळला. त्याने घेवड्याची भाजी आणली. तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे होते, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे अगदी थोडे. मी हश पपीवर (मक्याच्या पिठाची गोल भजी) भागवलं आणि विमानतळ गाठला.

घरी, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत, तिघी होत्या : माझी बायको नोरा, आमची सहा वर्षांची इरा आणि सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेली माझी आई. नोराशी माझं रीतसर लग्न झालं आहे. राज्य सरकारला ते मान्य आहे. आईकडे मात्र प्रकरण अजून विचाराधीन होतं. ती भांडली नाही, रडली नाही. नोराशी ती कमालीच्या सभ्यपणे वागत होती. नोराने चहा दिला, थँक यू. मीठ सरकवलं, थँक यू. गोळीची आठवण केली, थँक यू सो मच. सांगलीत आई थँक यू फक्त बँकेच्या मॅनेजरला म्हणते. घरच्यांना ती रागावते, आणि जितकं जवळचं माणूस तितका आवाज चढा. नोराला ती एकदाही रागावली नव्हती. रविवारी तिचं परतीचं विमान होतं. नोराला परकं ठरवूनच ती जाणार, याची मला धास्ती होती. अशा वेळी ऑफिसला माझी नितांत गरज भासली, हे ओघानं आलंच.

विमानतळावर देवळातसुद्धा दाखवत नाही अशा निष्ठेने बूट काढले, पट्टा काढला, हात वर केले. बोस्टनकडे नॉरईस्टर (ईशान्येकडून येणारं बर्फाचं वादळ) येऊन गेलं होतं, त्यामुळे विमान उशिरा निघालं. शेजारी एक मराठी काका. मुलाकडून मुलीकडे चालले होते. माझ्या आडनावावरून त्यांनी आधी गाव काढलं आणि मग मुद्द्यावर आले.

"मिस्टर काय करतात?"

"मिस्टर नाहीत, काका. माझं लग्न नोराशी झालंय. ती शाळेत गणित शिकवते. आम्हाला एक मुलगी आहे."

काका खिडकीतून ढग पाहू लागले. बरेच ढग पाहून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग घरी स्वयंपाक कोण करतं?"

"जिला आधी भूक लागेल ती."

"हे बरंय," काका म्हणाले आणि माझे शेंगदाणे खाऊ लागले.

बोस्टनला उतरल्यावर घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. नोरा न्यायला येणार होती, तिचाही पत्ता नव्हता. माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार येऊ लागले. शेवटी मी टॅक्सी केली. ड्रायव्हरने वाटभर मला वादळाची हकीकत सांगितली. लोकांनी दुकानातून ब्रेड आणि दूध असं उचललं होतं की शेल्फं रिकामी पडली होती. अमेरिकेत बर्फ पडलं की प्रत्येकाला सँडविच खावंसं वाटतं, का ते कोणी सांगत नाही.

घरासमोरचं बर्फ अर्धवट उपसलेलं होतं. नोराची गाडी अजून त्यातच रुतली होती. आत स्मोक अलार्म किंचाळत होता, आणि त्याच्याही वरचा आवाज माझ्या आईचा होता. मी दार ढकललं.

"थांब! आत पाऊल टाकू नकोस!" आई ओरडली.

मी उंबऱ्याबाहेर, घोटाभर बर्फात. आत धूर. इरा उड्या मारत दाराशी आली. "आई! नो ब्रेड! आजीने मॉमला भाकरी शिकवली! शी येल्ड ॲट मॉम ऑल डे!"

"दिवसभर ओरडत होती?"

"काल पण!"

तेवढ्यात नोरा आली. केसांत ज्वारीचं पीठ, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात काठ फाटलेल्या भाकरीचा तुकडा. मागून आई.

"एवढ्या वादळातून आलीस, भाकरतुकडा ओवाळून टाकायला नको? आणि ते घरच्या बाईने करायचं असतं. मी काय, रविवारपर्यंतची पाहुणी."

नोराने मन लावून तुकडा माझ्यावरून ओवाळला, मग पाणी. आई हाताने खूण करत होती : टाक, लांब टाक. पण तो नोराच्या आयुष्यातला पहिला जमलेला तुकडा. तो बर्फात फेकण्यासाठी असेल हे तिच्या गणितात बसेना. तिने त्याचे दोन भाग केले, एक प्रेमाने माझ्या तोंडात घातला आणि दुसरा स्वतः खाल्ला.

आईने कपाळावर हात मारला.

"अगं वेडे! दृष्ट काढलेला तुकडा खातात का कधी? आणि तिलाही भरवलास! अक्कल कुठे गहाण ठेवलीस? दोन दिवस घसा फोडतेय मी, एक काम धड करशील तर शपथ!"

यातलं 'वेडे' एवढंच नोराला कळलं असावं. ती घाबरून म्हणाली, "सॉरी, आई."

"सॉरी काय सॉरी! घरात कुणी सॉरी म्हणतं का? जा, दुसरा तुकडा आण. आणि तवा उतरव आधी!"

नोरा पळाली. इरा तिच्यामागे पळाली. मी उंबरा ओलांडून आत आले होते आणि रडत होते. भाकरी करपलेली होती आणि तिच्यात मीठ जास्त होतं, पण त्यासाठी नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

"तू कशाला आत आलीस? सगळं पहिल्यापासून करायचंय. हो बाहेर."

मी पुन्हा बर्फात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी घरी दोनदा पोचले.