आबांनी धरणाशी जीप थांबवली

परवा साक्रीच्या पुढे मुलानं गाडीची काच खाली केली आणि मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास आत आला. मला एकदम आबांची जीप आठवली.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं पहिलं बाळ आठवडाभरही जगलं नव्हतं. धुळ्याच्या त्या भरल्या घरात मी गप्प राहायचे, अन्नावरची वासनाच उडाली होती. एका सकाळी आबा म्हणाले, "चाल बेटा, चक्कर मारी येऊत." सुनेशी कधी चार शब्द न बोलणारा माणूस!

पिंपळनेरनंतर डोंगर जवळ आले. पानगळ झालेल्या सागांमध्ये पळसाची केशरी फुलं दिसत होती आणि जीपमध्ये मोहाचा हाच वास भरला होता. लाटीपाड्याच्या धरणाशी त्यांनी जीप थांबवली.

"रडी ले बेटा. घरमा बठ्ठासमोर रडता येस नही. आठे कोनी नही शे."

एवढं बोलून ते पाण्याकडे चालत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. घरात सगळ्यांसमोर दाबून ठेवलेलं रडू तिथे कोणी नसताना फुटलं; मी पदर तोंडाशी धरायचंही विसरले, मोठमोठ्यानं रडले. बऱ्याच वेळानं ते परत आले. "भूक लागनी का?" त्यांनी विचारलं. वाटेतल्या टपरीवर मी गरम भजी पोटभर खाल्ली.

आबा आता नाहीत. मी स्वतः आजी झाले तेव्हा कुठे लक्षात आलं, की त्यांचंही नातवंड गेलं होतं. त्या घरात त्यांना तरी कुठे रडता येत होतं?