न पाझरणारे माठ

माझी पीएचडी भोकांवर आहे. आमच्या गावी, आरमोरीत, कुणाच्याही लग्नात हे सांगून बघा, समोरचा लगेच वाढप्याला हाक मारतो. पण खरं तेच आहे: सिरॅमिकमधली बारीक छिद्रं, आणि ती शाबूत कशी ठेवायची.

सुरुवातीला मी विरुद्ध पार्टीत होते. प्रयोगशाळेत स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं मशीन आलं होतं. ग्राफाइटच्या साच्यात भुकटी भरायची, वरून-खालून दाबायची आणि विजेचे झटके सोडायचे. काही मिनिटांत दगडासारखी घट्ट वडी हातात. त्या वडीत एक छिद्र दिसलं तरी आमचे सर घरात साप निघाल्यासारखे ओरडायचे. मलाही तीच लागण झाली.

माझे बाबा कुंभार. मार्चात घरी गेले तेव्हा ते उन्हाळ्याच्या माठांची माती मळत होते, धानाचा कोंडा आणि राख मिसळून. भट्टीत कोंडा जळतो आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. मी शहाणपणा पाजळला. "बाबा, छिद्र म्हणजे दोष. कोंडा टाकू नका. माती वस्त्रगाळ करा, जास्त थोपटा, जाळ वाढवा."

आई म्हणाली, "इतके वर्षं का चुकून राह्यले होते का हे?"

"पोरगी शिकून राह्यली ना," बाबा म्हणाले. "पाहू करून."

उन्हाळ्याची सगळ्यात मोठी भट्टी त्यांनी माझ्या शब्दावर लावली. काही माठ तडकले. उरलेले टिचकी मारली की असे खणखणायचे की मी अख्ख्या गल्लीला ऐकवून आले. बाजारात ते हातोहात गेले.

पुढच्या बाजारी मीही बाबांसोबत बसले होते. एक बाई माठ काखेत घेऊन परत आली.

"काऊन भाऊ, यातल्या पान्यात चहापत्ती टाकू का? थंडच होत नाई. बाहेरून ओलाबी होत नाई."

तिच्यामागे आणखी तिघी उभ्या होत्या. माठ पाझरलाच नाही तर पाणी थंड कसं होणार? सिरॅमिकच्या या विदुषीला एवढं सुचलं नव्हतं. बाबांचा माठ आजवर कधी परत आला नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माहा हात चुकला बाई. बदलून देतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतल्यावर त्यांच्या जुन्या माठाची खापरी मायक्रोस्कोपखाली धरली. एका छिद्रातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, सगळी एकमेकांत उघडणारी. मी सरांशी भांडून विषय बदलला. भुकटीत कोंड्याचं पीठ घातलं, दाब कमी केला, मशीन अर्ध्यातच थांबवलं आणि आत राहिलेला कोंड्याचा कोळसा नंतर साध्या भट्टीत जाळून टाकला.

पहिली जमलेली वडी, रुपयाएवढी, बाबांना नेऊन दिली. त्यांनी तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब आत गेला. त्यांनी वडी खिशात टाकली.

आता दर बाजारात ते गिऱ्हाइकांना तो थेंबाचा खेळ करून दाखवतात. "माह्या पोरीनं बनवली." ते कोरडे माठ मात्र, कुणी आठवण काढली तर, आजही त्यांच्याच हातून चुकलेले असतात.