मेढ्याच्या उतारावर निसटलेली चेन

मित्रहो, आज सकाळी नातीनं नवी सायकल आणली. तिला ब्रेकच नाहीत आणि चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहतं. "आबा, पाय घट्ट रोखले की मागचं चाक घसरत थांबतं," असं म्हणून तिनं अंगणातच करून दाखवलं.

मी वाकून आधी तिची चेन दाबून पाहिली.

सत्तरच्या दशकात मेढ्यात मी आणि माझा मित्र दत्तू हेच शिकत होतो. त्याच्या सायकलचे ब्रेक आणि पेडल न मारताही चाक फिरू देणारं फ्रीव्हील काढून मीच पक्कं चक्र आणि चेन बसवली होती. उताराला लागताना तो म्हणाला, "चेन लय सैल वाटतीया रं."

"काय होत न्हाई गड्या, चल."

वळणाआधी त्यानं पाय रोखले आणि चेन निसटली. पेडल थांबलं, सायकल थांबली नाही. दरीतून वर आणला तेव्हा दत्तू गेला होता.

त्याच्या वडिलांनी विचारलं, "चेन कुणी बसवली व्हती?"

"त्यानंच," मी म्हणालो.

पन्नास वर्षं हे कुणाला बोललो नाही, आज तुम्हाला सांगतोय. उद्या नात तीच सायकल घेऊन यवतेश्वरच्या घाटात निघाली आहे. "जाऊ नको" म्हटलं तर हसली. तिला अडवायचं तर मी काय केलं ते सांगावं लागेल.

तुम्ही सांगितलं असतं का?