पांढरीपांडेबाईंच्या गाडीचं तेल

अरुंधती पांढरीपांडे गॅरेजमध्ये आल्या त्या बगलेत पुठ्ठा घेऊन. फ्रिजच्या खोक्याचा चांगला मोठा पुठ्ठा, त्यावर काळे डाग, आणि प्रत्येक डागाशेजारी बॉलपेननं घातलेली तारीख.

"हा गेल्या बारा दिवसांचा," त्या म्हणाल्या. "आधीचा सोसायटीच्या सेक्रेटरींनी उचलून फेकला. पार्किंगच्या फरशा खराब होतात म्हणे."

जयवंता भोयर हसू दाबत पुठ्ठा उजेडात धरून पाहू लागली.

लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनींच्या गल्लीत तिचं दोन गाड्या मावतील एवढं पत्र्याचं शेड होतं. सांडलेलं तेल टिपायला शेजारून भुसा हवा तेवढा मिळे. सावनेरजवळच्या खेड्यात वडिलांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन ती शाळेत असतानाच खोलून परत जोडायची. आयटीआय करून एसटीच्या वर्कशॉपला लागली, तर पहिले सहा महिने तिला नुसते नटबोल्ट निवडायला बसवलं. शेवटी बसखाली आडवे झालेले हेडमेकॅनिक गणपतराव तिथूनच ओरडले, "ते पोरगी रिकामी काहून बसून राहिली गा? पाठवा तिले इकडं!" त्यानंतर बावीस वर्षं ती बसखालीच होती. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हे शेड टाकलं.

"तीन ठिकाणी दाखवली," अरुंधतीबाई सांगत होत्या. "तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, नाहीतर इथेच आले असते. एकानं खालचं पॅकिंग बदललं. दुसऱ्यानं नुसतंच तेल बदललं. तिसरा म्हणतो, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"थांबा जी," जयवंता म्हणाली. "तेल खाली टपकते म्हणून सगळे खालीच पाहून राहिले. निघते कुठून, ते तर कोणी पाह्यलंच नाही."

तिनं इंजिन धुतलं, हवा मारून खडखडीत वाळवलं आणि अंगाला लावायच्या पावडरचा अख्खा डबा त्यावर उधळला. जिथं तेल फुटेल तिथं पावडर ओली होणार, असा साधा हिशोब. अरुंधतीबाईंनी नाकाला पदर लावला. मग दोघी जवळच पारडीपर्यंत जाऊन आल्या. बॉनेट उघडलं, तर इंजिन पांढरंशुभ्र.

"म्हणजे झाली बरी?"

"अशी आपोआप नाही होत बरी. सगळ्यात मोठे डाग कोणत्या दिवशी पडले?"

अरुंधतीबाईंनी पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. "सोमवारी सकाळी. दर सोमवारी!" त्या स्वतःच चकित झाल्या. "रविवारी मी उमरेडला जाते ना, चिन्मयीकडे. माझी धाकटी बहीण."

"मंग चला उमरेड रोडनं. लंबी पळाल्याबिगर हे बोलत नाही."

अवजारांची पिशवी मागच्या सीटवर टाकून दोघी निघाल्या. वाटेत जयवंता रंगात आली होती. आजकालच्या मेकॅनिकांना कॉम्प्युटर लावता येतो पण बोल्ट धड आवळता येत नाही, इथपर्यंत तिची गाडी पोचली. वीसेक किलोमीटर झाल्यावर तिनं एका ढाब्यावर थांबायला लावलं. अरुंधतीबाई चहा सांगायला गेल्या. जयवंतानं टॉर्च घेतला आणि लांब दांडीचा आरसा इंजिनच्या मागे सरकवला.

पावडरमधून एक काळी, ओली रेघ सरळ खाली उतरून गिअरबॉक्सच्या जोडावर गेली होती. आरसा वर वर नेत ती रेघेच्या टोकाशी पोचली. तिथं तेलाचा दाब सांगणारा अंगठ्याएवढा स्विच होता. इंजिन जरा निवल्यावर तिनं तो बोटांनी धरून पाहिला, तर बोटांनीच फिरला.

आणि तिचे कान तापले.

तो स्विच तिनंच बसवला होता, दिवाळीनंतर. हातानं फिरवून बसवला आणि पाना घ्यायला वळली, तेवढ्यात जावयाचा फोन आला: दिपालीला कळा सुरू झाल्यात. ती होती तशी निघाली. संध्याकाळी गाडी न्यायला आलेल्या अरुंधतीबाईंना शेजाऱ्यानं परस्पर चावी देऊन टाकली. पाना लावायचा राहिला तो राहिलाच.

ढाब्याकडे पाठ करून ती क्षणभर उभी राहिली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. आवळून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? अरुंधतीबाई तर वर आणखी कौतुकच करतील. नुकतंच बोल्ट आवळण्यावर आपण काय काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

अरुंधतीबाई दोन्ही हातांत चहाचे ग्लास सांभाळत आल्या.

"ताई, सापडलं," जयवंता म्हणाली. "माह्याच हातचं आहे. हे मीच ढिलं ठेवलं होतं." आणि फोनपासून सगळं सांगून टाकलं. "त्या तिघायची काही चुकी नाही. म्हणजे, आहे. पण पहिली माही."

अरुंधतीबाईंनी ग्लास बाजूच्या बाकड्यावर ठेवले.

"दिपालीला काय झालं?"

"मुलगी."

"वजन?"

"तीन किलोच्या वर."

"मग झालं तर," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण मला दाखवा. महिनाभर छळलंय त्यानं."

जयवंतानं स्विच काढून त्यांच्या हातावर ठेवला, आटे पुसून त्यांवर सीलंट लावलं आणि पानाही अरुंधतीबाईंच्याच हाती दिला. "हळू. बस्स. आता एवढुसा आणखीन." नखांत काळं गेलं तरी बाई खूश.

"इथवर आलोच आहोत, तर चिन्मयीकडे जाऊनच येऊ," त्या म्हणाल्या. "तुमची ट्रायलही होईल."

उमरेडला चिन्मयीताईंनी दोघींना तीनदा हात धुवायला लावले आणि मगच पानावर बसवलं. जेवण झाल्यावर जयवंतानं अंगणात वाकून पाहिलं. इंजिन कोरडं ठाक.

परतताना अरुंधतीबाईंनी एकापाठोपाठ तीन ट्रक मागे टाकले. जयवंतानं वरचं हँडल घट्ट धरलं.

"ताई, हळू चालवा वं! तेल थांबलं, ब्रेक अजून मी पाह्यले नाहीत."