मास्तरीणकाकूंच्या गाडीचा डबा

मास्तरीणकाकू गोड बोलल्या की आमच्या गल्लीतली माणसं सावध व्हायची. त्या स्वतःच सांगायच्या, "मी गोड बोलले की समजायचं, कोणीतरी मेलंय." एका नव्या नवरीला ओवाळताना त्या म्हणाल्या होत्या, "हळद उतरेल गं, नाक तेच राहणार." शेजारच्या म्हाताऱ्याच्या तेराव्याला जेवताना त्याच्या सुनेला म्हणाल्या, "वरण छान झालंय. आधीपासून असं करत असतीस तर म्हातारा टिकला असता." सून पदर तोंडाला लावून आत पळाली. काकूंनी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचे यजमान सुरतेतल्या एका कापड कारखान्यात विणकामाचे मास्तर होते, म्हणून या मास्तरीण. मूळच्या अमळनेरकडच्या. मर्जी असली की अहिराणीत बोलायच्या आणि कोणाचा पाणउतारा करायचा असला की शुद्ध मराठीत. त्यामुळे त्यांच्या तोंडून "अहो, आपण" असं ऐकलं की माणूस आधीच मान खाली घालायचा. सुरतेच्या या नवागाम वस्तीत आम्ही सगळे खानदेशातून पोटासाठी आलेलो, एका खोलीत सहा-सहा जण राहिलेलो. त्यात मास्तरांचं घर पक्कं, अंगण असलेलं, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली चक्क मोटार.

त्या मोटारीची गोष्ट अशी. मास्तरांच्या शेठने कधीकाळी दोन सारख्या पांढऱ्या जपानी गाड्या बाहेरून मागवल्या होत्या. जुन्या झाल्यावर एक त्याने मास्तरांना निवृत्तीच्या वेळी देऊन टाकली. दुसरी दलालांच्या हातांतून फिरत फिरत, नव्वदच्या दशकात, माझ्या दारात आली. मी लूमवरचं, म्हणजे कारखान्यातल्या मागावरचं, काम सोडलं आणि गाडी वरातीला भाड्याने द्यायला लागलो. आमच्या लोकांत तेव्हा नवरदेव टेम्पोत नाहीतर घोड्यावर बसायचा. त्याला झेंडूच्या माळा घातलेली पांढरीशुभ्र विलायती गाडी मिळाली की मुलीकडचे आपोआप अदबीने बोलायचे. माझ्या घरची चूल त्या गाडीवर पेटत होती.

आणि ती गाडी भर वरातीत बंद पडायला लागली.

ईश्वरभाई मिस्त्रीने डाव्या बाजूला, पाय ठेवतात तिथला पत्रा काढून मला आतला डबा दाखवला. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा कॉम्प्युटर. बघायला जेवणाच्या डब्याएवढा. तापला की गाडी गप्प, निवला की पुन्हा चालू. "मगज फरी गयुं छे एनुं," ईश्वरभाई म्हणाला, "बीजो लाववो पडशे." दुसरा आणणार कुठून? मुंबईच्या भंगारवाल्यांकडे मिळेना. जपानहून मागवायचा तर त्यापेक्षा गाडी स्वस्त. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका पोराने आतल्या जोडांना डाख दिला, तो एक लग्नसराईही टिकला नाही. शेवटी मी पिशवीत बर्फ घेऊन हिंडायला लागलो. गाडी थांबली की खाली उतरायचं, डब्यावर बर्फ दाबून धरायचा आणि बँडवाल्यांना म्हणायचं, अजून एक गाणं वाजवा. एका नवरदेवाचा बाप मात्र खवळला. त्याने मुलाला सगळ्यांदेखत खाली उतरवलं आणि मांडवापर्यंत चालवत नेलं. ती बातमी दिंडोलीपर्यंत पोचली. आणखी एक-दोन वराती अशा गेल्या असत्या, तर पुन्हा लूमवर उभं राहण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

चांगला डबा अख्ख्या सुरतेत एकच होता, काकूंच्या शेडमध्ये.

मी पेरू घेऊन गेलो, तब्येतीची चौकशी केली. काकूंनी पेरू ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "उना का रे गिधाड? मी मरनी नही आजून. बठ, च्या ले." ईश्वरभाईने गल्लीत आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझं नाव गिधाड पडलं. घरात पाहुणे असले की त्या ओळख करून द्यायच्या, "हा आमचा गिधाड. मी जिवंत आहे का, ते बघायला येतो. फार प्रेमळ आहे."

त्या डबा का देत नाहीत, हे मला एका रविवारी कळलं. मास्तर जाऊन बरेच दिवस झाले होते. दर रविवारी त्यांचा मुलगा सुनील शेडमधली गाडी थोडा वेळ नुसती चालू करून ठेवायचा. काकू शेजारी स्टूल टाकून चहा पीत बसायच्या. "मास्तर अस्सेच घोरायचे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, गाडी तर कुठे जात नाही. डबा दिलात तर माझी पोरं जेवतील." त्यावर त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "त्यांना गप्प झालेलं मी एकदा पाहिलंय. तुमच्या पोरांसाठी दुसऱ्यांदा पाहणार नाही."

पण साफ नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "बघू" म्हणायच्या, आणि या एका "बघू"वर त्यांनी मला नाचवलं. बारडोलीला भाचीकडे ने, दळण आण, डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मास्तरांची बायको रिक्षात बसत नाही, हा त्यांचा नेम. माझ्याच गाडीत मागे बसायच्या आणि गाडी बंद पडली की खूश व्हायच्या. मी उन्हात बर्फ धरून वाकलेला असायचो, आणि मागून आवाज यायचा, "आमची बघ कशी एका झटक्यात सुरू होते." एकदा म्हणाल्या, "मी मेल्यावर तुला द्यायचा, असं सुनीलला सांगून ठेवलंय. लवकर हवा असेल तर गोड घारी आणत जा. मला साखर आहे." मी घारीऐवजी फुटाणे नेले. तोंड वाकडं करून त्यांनी ते खाल्ले. म्हणाल्या, "गिधाड तेही भित्रं निघालं."

बायको मला म्हणायची, त्या म्हातारीचा नाद सोडा. सुटत नव्हता. दिवसभर वरातवाल्यांची बोलणी खाल्ल्यावर मी कितीतरी वेळा डब्याचं नावही न काढता काकूंकडे जाऊन बसायचो. त्यांच्या शिव्यांत निदान चव होती. माझी आई गावी होती, तिने मला इतकं कधी बोलून घेतलं नाही. मला काकू आवडायच्या, हे सरळच सांगतो.

त्या दुपारी मी एक वरात पोचवून नुकताच घरी आलो होतो. मे महिना, गाडी तव्यासारखी तापलेली. शेजारीण धावत आली. काकूंच्या छातीत कळ आली होती आणि सुनील हजीऱ्याला कामावर होता. लोकांनी रिक्षा आणून दारात उभी केली होती, पण काकू चढेनात. माझी गाडी दिसल्यावर आपल्या पायांनी येऊन मागे बसल्या.

उधन्याच्या रस्त्यावर गाडी थांबली.

मी उसाच्या रसवाल्याकडून बर्फ आणला आणि डब्यावर दाबून धरला. मागून आवाज आला, "माझ्या डोक्यावर ठेव तो. मरायला मी लागलेय, डबा नाही." मी एक रिक्षा थांबवली, दार उघडलं, त्यांना उतरवायला लागलो. त्यांनी दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली. रिक्षावाला आणि मी मिळूनही ती सोडवू शकलो नाही. "निवला की चालू होतो ना? मग निवव."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "काकू, धडधाकट डबा तुमच्या शेडात पडलाय!"

त्यांना दम लागला होता.  थांबत थांबत म्हणाल्या, "पडेल शे. माले माहीत शे. आते लई ले." आता ने, म्हणत होत्या.

गाडी सुरू झाली तेव्हा मागून शिवी आली नाही. मी हॉर्नवरचा हात काढला नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तेराव्यानंतर सुनीलने शेड उघडून दिली. ईश्वरभाईने चार स्क्रू काढले, डबा माझ्या गाडीत बसवला, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. उरलेली गाडी सुनीलने भंगारात दिली. त्या डब्यावर मी पुढे पोरांची शिक्षणं केली, घर पक्कं केलं. भर उन्हात मुंगीच्या पावलांनी वराती काढल्या. बँडवाले चक्कर येऊन पडले, पण गाडी पुन्हा थांबली नाही.

लोक म्हणतात, म्हातारी जाता जाता तुझं भलं करून गेली. भलं कसलं डोंबलाचं! चहा निवेपर्यंत होणारं ते काम होतं. आदल्या रविवारी त्यांनी "ने" म्हटलं असतं, तर अजून कितीतरी वर्षं मला गिधाड म्हणत बसल्या असत्या. मला काकूंचा राग येतो. रोज सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली की फार येतो.