आकडा कोण काढणार

भाचा दुसऱ्यांदा सापडला, तोही शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना. आतलं तांबं भंगारात विकायचं, एवढाच उद्योग. वय सोळा. पहिल्या वेळी बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडलं होतं आणि दाजींनी पारावर सगळ्यांदेखत पट्ट्याने फोडलं होतं. या वेळी तो निरीक्षणगृहात गेला. आता त्याला बापाकडे द्यायचं की मामाकडे, म्हणजे माझ्याकडे, हे धाराशिवला मंडळापुढे ठरणार होतं.

आदल्या दिवशी मी बहिणीच्या शेतावर गेलो. दाजी नेहमीप्रमाणे बांबूला वायर बांधून खांबावरच्या तारेवर आकडा टाकत होते. फुकट विजेवर मोटार चालते. लाइनमन दिसला की आकडा काढायचं काम भाच्याचं.

"दाजी, पोराला चोरीपायी मारता, मग हे काय?"

"पाव्हणं, ती लोकाची केबल. ही लाइट सरकारची. काय फरक न्हाय व्हय?"

बहीण म्हणाली, "दादा, वीज मोजायला आलास का पोरगं सोडवायला?"

मला वाटलं, पोराच्या चोरीचं कारण सापडलं. पण थोरला भाचा याच घरात, याच पट्ट्याखाली वाढला. तो तुळजापुरात दुकानात कामाला आहे, कुणाच्या काडीला हात लावत नाही. मग हिशेब जमेना.

तरी दुसऱ्या दिवशी दाजींसोबत धाराशिवला गेलो ते ठरवूनच, की पोरगं माझ्याकडे मागायचं. माझ्या घरी मीटर आहे, मारझोड नाही. मंडळातल्या मॅडमनी भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "घरीच." का, ते सांगेना. मॅडमनी आम्हा मामा-भाच्यांना पाच मिनिटं व्हरांड्यात बोलू दिलं.

"मार खायची हौस आली का रे?"

"तसं न्हाय, मामा. म्या नसताना आकडा आई काढती. तिचा हात पुरत न्हाय. तारंला चिकटली तर?"

पुन्हा आत गेलो. मॅडमनी माझं म्हणणं विचारलं. पाठ केलेलं वाक्य निघेना.

"बापाकडंच द्या," मी म्हणालो, "पण आधी शेतात मीटर बसू द्या."

"कसलं मीटर?" मॅडमनी विचारलं.

दाजींनी मान खाली घातली. भाचा माझ्याकडे बघत राहिला, आणि मी बरं केलं की वाईट, मला कळेना.