मिसळीपाशी कोण बसणार?

सूचिपर्णी झाडांनी बारा महिने हिरवं राहावं, असा नियम आहे. लार्च तो मोडतं. थंडी लागली की त्याच्या सुया हळदीसारख्या पिवळ्या होतात, थोडे दिवस अख्खा डोंगर उजळतो, आणि मग ते झाड सगळं अंगावरून झटकून मोकळं होतं. हे मी कॅनडातल्या सरे शहरात, एका बेसमेंटमध्ये बसून वाचलं आणि झाड न पाहताच त्याच्या बाजूची झाले.

बाजू घेणं मला घरातूनच मिळालं. माझी आई इचलकरंजीत अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचं काम करते. बाबा शाळेत मराठी शिकवायचे आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायच्या, उरलेल्यांत शेंगदाणे बांधून शाळेत न्यायचे. सातवीत मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं, मधली सुट्टी वाढवावी म्हणून. मागणी मान्य झाली नाही, पण हेडमास्तरांनी शुद्धलेखनाचं कौतुक केलं.

तर अशी मी, बर्नाबीतल्या एका ऑफिसात कोड लिहिणारी, आणि माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर माझे घरमालक काका-काकू. काका मूळचे कोल्हापूरचे. दोघं इथे येऊन चाळीस वर्षं कधीच उलटून गेली. काका इंजिनियर होते, काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, आता दोघंही रिटायर्ड. दर ऑक्टोबरला इथली मराठी मंडळी तीन-साडेतीन तासांवरच्या डोंगरात लार्च बघायला जातात, ती प्रथा काकांनी सुरू केलेली. आणि त्या सहलीची मीटिंग ऑगस्टमध्ये त्यांच्याच लिव्हिंग रूममध्ये भरते. ऑगस्टमध्ये! या देशात आल्यावर आपली माणसं कशाचंही प्लॅनिंग दोन महिने आधी करतात, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

विषय क्रमांक एक अर्थातच झाडं नव्हता. मिसळ होता.

“मटकी भिजवायची जबाबदारी कोणाकडे?” काकांनी विचारलं.

“काका, आधी गाड्यांचं पाहा ना,” संयोजक म्हणाला. हा नागपूरचा, माझ्याच वयाचा, काकांनंतर सगळं त्याच्या गळ्यात पडलेलं. “विंटर टायर कोणाकोणाकडे आहेत? ऑक्टोबर लागला की घाटात कम्पल्सरी राहते.”

“टायर होतील रे. फरसाण मिळेल का नीट? मागच्या वर्षीचं मऊ पडलं होतं.”

मिसळीचा बेत असा असे: सगळे सकाळी डोंगर चढायला निघत. खाली पार्किंग लॉटशेजारच्या बाकावर गॅसची शेगडी, मोठं पातेलं, पावाच्या लाद्या, डबे. मंडळी उतरून येईपर्यंत रस्सा उकळता तयार हवा. शिवाय अस्वलांचा मुलूख, खाणं उघड्यावर सोडून जायची सोयच नाही. म्हणून पातेल्यापाशी कोणीतरी बसायचं. हे ‘कोणीतरी’ म्हणजे काकू. त्या दिवशी मीटिंगमध्ये तासभर मिसळीवर चर्चा झाली, पण पातेल्यापाशी कोण बसणार हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सूर्य कुठून उगवणार हे जसं कोणी विचारत नाही.

मी कप विसळायला म्हणून किचनमध्ये गेले. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

“तुम्ही लार्च कधी पाहिलेत, काकू?”

“फोटोत. सगळ्यांच्या पाठीमागे असतात ते.” त्या हसल्या. “आधी मुलगी लहान होती, तिला घेऊन खाली बसायचे. मग तीही वर जायला लागली. मग मिसळ आली.”

“म्हणजे इतक्या वर्षांत एकदाही नाही?”

“एकदा बघायचं होतं खरं. आता नोव्हेंबरात आम्ही विनिपेगला जाणार, मुलीकडे, कायमचं. तिथे कसला डोंगर? चढ हवा असेल तर ओव्हरपासवर जाऊन उभं राहायचं.”

त्या हे अगदी गमतीने म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. इतकी वर्षं डोंगराच्या पायथ्याशी बसून एक बाई पातेलं ढवळते, आणि आपण वर जाऊन निसर्गावर कविता करतो! खाली येऊन मी लगेच लिहायला बसले. पत्रकाचं शीर्षक होतं, ‘मिसळ रद्द करा!’ खाली: ‘ज्या सहलीत एकीने चुलीपाशी बसल्याशिवाय इतरांना डोंगर दिसत नाही, ती सहल नव्हे. डोंगर सर्वांचा आहे. सँडविच आणा, काकूंना वर न्या.’ असं बरंच काही. शेवटी उद्गारचिन्हं जरा जास्त झाली होती, ती बाबांच्या संस्कारामुळे एकावर आणली. ग्रुपवर टाकलं.

अर्ध्या तासात माझ्यावर चाळीस मेसेज. ‘सँडविच??’ हा शब्द तर लोकांनी असा लिहिला होता, जणू मी उपास सोडायला शाम्पू सुचवला होता. कोणीतरी मला ‘पत्रकबाई’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. काका वरून जिन्यात येऊन म्हणाले, “अगं, इचलकरंजीची ना तू? आणि मिसळ रद्द? तुझ्या गावाला कळलं तर?”

“माझ्या गावाला काकूंचं कळलं तर, काका?”

ते मिशीत काहीतरी पुटपुटत वर गेले.

व्हिडिओ कॉलवर मी बाबांना पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, जसे ते नेहमी ऐकतात.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “त्या बाईंना दाखवलंस?”

“दाखवायचं काय त्यात? त्यांच्याच बाजूचं आहे.”

“हं,” बाबा म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगायला गेले, मग आठवण झाल्यासारखे परत वळून स्वतःच टाकायला गेले.

पुढच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव मांडला गेला. संयोजकाने बिचाऱ्याने हात वर करायला सांगितले. ‘मिसळ रद्द’च्या बाजूने एक हात, माझा. ‘मिसळ राहावी’च्या बाजूने बाकी सगळे. आणि त्या सगळ्यांत, सोफ्याच्या कोपऱ्यातून, काकूंचा हात सगळ्यांत उंच.

मी सोफ्याकडे वळले. “काकू! तुम्ही?”

“अगं, मिसळ मला आवडते,” काकू म्हणाल्या. “ती कशाला रद्द करायची? त्या गार सँडविचनं डोंगरातून उतरल्यावर पोट भरतं का? तू मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

सगळे हसले. काका तर मांडीवर थाप मारून हसले. काकूंनी हसणं संपू दिलं.

“फक्त या वर्षी पातेल्यापाशी हे बसतील.”

काका ताठ बसले.

“मी?” काका म्हणाले. “अगं, मी लीडर आहे! वाट मला माहीत आहे.”

“वाटेला पाट्या आहेत. रस्सा खाली लागतो, त्याला पाट्या नाहीत.”

“बरोबर बोलून राहिल्या काकू,” संयोजक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आवरेना. ठराव टाळ्यांनी मंजूर. माझ्या सबंध पत्रकात जे जमलं नव्हतं ते काकूंनी एका वाक्यात करून टाकलं होतं, आणि मिसळही वाचवली होती. मला त्या रात्री झोपेपर्यंत हसू येत होतं, आणि बाबांचं ते ‘हं’ही मधूनमधून ऐकू येत होतं.

सप्टेंबरभर आमच्या घरात दोन शिकवण्या चालल्या. वर, किचनमध्ये, काकू काकांना रस्सा शिकवायच्या: “आच बारीक. ‘अगं, अगं’ म्हणू नका, ढवळा.” आणि बाहेर मी काकूंना चालवायचे. मुलीचे जुने हायकिंगचे बूट कपाटातून निघाले, दोन मोजे घातल्यावर बरोबर बसले. आधी आम्ही आमच्या गल्लीत फिरलो, जिथे मेपल हळूहळू लाल होत होते, मग शनिवारी बर्नाबीच्या टेकडीवर. काकूंना गुडघ्यापेक्षा श्वासाचा त्रास. दर वळणावर थांबायच्या आणि त्या थांबण्याला कारण द्यायच्या. “हे बघ, मशरूम.” “तो बघ, कुत्रा.” मशरूम आणि कुत्रे संपले की म्हणायच्या, “थांब, दमले.” चालायची काठी, म्हणजे पोल, धरण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून मला वाटायचं, त्या झाडू मारतायत. तसं बोललेही एकदा. “मग?” त्या म्हणाल्या. “झाडत झाडतच वर जाईन.”

एका गोष्टीची मात्र दोघींना धाकधूक होती. ऑक्टोबरात बर्फ लवकर पडला की सुया एका वाऱ्यात गळून जातात. पुढचं वर्ष काकूंसाठी नव्हतं. सहलीच्या आदल्या आठवड्यात हवामानाच्या अंदाजात बर्फ दाखवत होते. काकू दिवसातून अनेकदा फोन बघायच्या.

बर्फ पडला, पण घाटाच्या पलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा पार्किंग लॉटमध्ये गार, कोरडं ऊन होतं. काकांनी शेगडी मांडली, पातेलं चढवलं आणि एप्रन बांधून असे उभे राहिले, जणू फोटो काढायचा आहे. काकूंनी त्यांना डाव उलटा धरलाय हे दाखवलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “चल.”

सुरुवातीला वाट गर्द हिरव्या रानातून जाते. वर्षानुवर्षं हिरवी राहणारी आज्ञाधारक झाडं. बाकी मंडळी पुढे गेली, मी आणि संयोजक काकूंबरोबर राहिलो. मोठ्या चढाच्या मध्यावर काकू एका ओंडक्यावर बसल्या. मशरूम नाही, कुत्रा नाही, नुसत्याच बसल्या. ओठ कोरडे पडले होते.

“काकू, आरामशीर. घाई नाही कोणतीच,” संयोजकाने पाणी दिलं.

काकू खालच्या बाजूला पाहत होत्या. “रस्सा खाली लागला असेल,” त्या म्हणाल्या. “त्यांचं लक्ष नसतं. कोणी भेटलं की बोलत बसतात.”

मी फोन काढला. रेंज नव्हती.

“मी उतरते,” काकू म्हणाल्या. “तुम्ही जा दोघं. इतकं आले, पुष्कळ झालं.”

माझ्या तोंडात एक सबंध पत्रक तयार होतं. शीर्षकासकट. मी ते गिळलं. गिळायला फार जड गेलं, पण एकदा न विचारता लिहून झालं होतं. मी त्यांच्या शेजारी ओंडक्यावर बसले आणि विचारलं, “तुम्हाला काय करायचंय, काकू?”

त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. वर कुठेतरी आमची मंडळी ओरडत होती, म्हणजे पिवळं दिसलं होतं.

“लागू दे,” काकू अचानक म्हणाल्या. “एक दिवस खातील लागलेला.” आणि पोल टेकून उठल्या.

वळण संपलं आणि हिरवं रान थांबलं. पुढे सगळं पिवळं. नुसतं पिवळं नव्हे, ऊन त्या सुयांतून झिरपून येत होतं, वाटेवर सुयांचा मऊ थर पडलेला, आणि मधेच वारा आला की आणखी झरत होत्या, आवाज न करता. काकूंनी एका बारक्या फांदीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“मऊ आहे गं! मला वाटायचं टोचत असेल.”

फोटोत हे कधीच कळलं नव्हतं त्यांना. त्या एकेका झाडापाशी जाऊन सुया चाचपून बघत होत्या, बाजारात भाजी बघतात तशा. केसांत, स्वेटरवर पिवळं पडत होतं, त्यांनी झटकलं नाही. संयोजक पलीकडे तोंड करून उगाच बॅगेची चेन लावत होता. मी रडले नाही. थंडीने डोळ्यांत पाणी येतं, ते वेगळं.

शिखर तिथून अजून लांब होतं. मंडळी निघाली तशी काकू एका लार्चखाली ऐसपैस बसल्या. “तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “बॅगा इथे ठेवा सगळ्या. मी सामानापाशी बसते.”

“काकू!” मी जवळजवळ किंचाळले. “परत सामानापाशी?”

“अगं पत्रकबाई, मला इथून हलायचं नाहीये. हे सोडून त्या दगडांत काय बघायचंय?” त्यांनी बॅगांचा तक्क्या केला आणि पाय पसरले. “जा तू. नाहीतर बस. पण बोलू नकोस.”

मी बसले. बोलले नाही. माझ्या आयुष्यात ही दोन्ही कामं एकदम क्वचित झाली आहेत.

खाली उतरलो तेव्हा बाकाभोवती गर्दी होती. लाल टोपीचे एक गोरे आजोबा, दोन सरदारजी आणि त्यांची मुलं, सगळ्यांच्या हातात वाट्या. काका डाव उंचावून हिंदी-इंग्रजीत तर्रीचं महत्त्व समजावत होते. काकूंना पाहिल्यावर ते सगळं सोडून पुढे आले.

“दिसलं?”

“दिसलं.”

“मग? मी काय सांगत होतो इतकी वर्षं?”

“तुम्ही कुठे सांगितलंत मऊ असतं म्हणून?”

काकांनी काकूंच्या केसांतली एक सुई काढली, जराशी बोटांत फिरवून पाहिली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. मग पहिली प्लेट भरून त्यांच्या हातात दिली. काकूंनी चमचाभर रस्सा तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, लाल टोपीवाले आजोबासुद्धा.

“खाली लागलाय,” काकू म्हणाल्या, आणि पाव मागितला.